दोराखालच्या चिंध्या

बंद टाकीतल्या अपघाताची बातमी कधीही वाचा, क्रम तोच असतो. सफाईला किंवा दुरुस्तीला एकजण आत उतरतो. थोड्या वेळाने वरून हाक मारली तर ओ येत नाही. बॅटरीचा झोत टाकला तर तो तळाशी आडवा पडलेला दिसतो. मग त्याचा जोडीदार, कधी सख्खा भाऊ, मागचापुढचा विचार न करता शिडीवर पाय टाकतो आणि काही श्वासांत तोही कोसळतो. त्याच्यामागे तिसरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यवसायसुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली नोंदवून ठेवलं आहे की बंदिस्त जागांत दगावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला धावलेले असतात. मूळ काम त्यांचं नसतंच.

अशाच एका धावलेल्याच्या अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसलो होतो. उपदेशाला कोणतं वचन येणार हे पाळक उभे राहायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेच आलं: आपल्या मित्रांसाठी आपला प्राण द्यावा ह्यापेक्षा कोणाची प्रीती मोठी नाही. पाळक मनापासून बोलले. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच पान उघडलं असतं. पहिल्या रांगेत मालक बसले होते. पुष्पचक्र त्यांनीच आणलं होतं. ‘बलिदान’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. माती देऊन झाल्यावर मयताचा एक सोबती फाटकाशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तळहाताला लागलेली माती अंगठ्याने बराच वेळ चोळत होता. मग म्हणाला, “दोर होता, दादा. पट्टा, तिपाई, सगळं होतं. स्टोअरमध्ये. चावी साहेबांकडे, साहेब जेवायला.”

ते वचन आणि हे वाक्य मनात शेजारीशेजारी ठेवून पाहिलं, तर बसत नव्हतं. पाळकांनी सांगितलं त्यात काही खोटं नव्हतं. तो माणूस खरोखर मित्रासाठी गेला. पण त्याच्या प्रेमाच्या आडोशाला त्या दिवशी आणखी कितीजण उभे राहिले, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही, मीही नाही. विचारायला हवा होता, आणि मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, विचारायला हवा होता, असं माझं मत आहे. टाळता आला असता अशा मृत्यूला, तो का टाळला गेला नाही हे विचारण्याआधीच, व्यासपीठावरून ‘बलिदान’ म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

यावर लगेच कोणी म्हणेल, मग वधस्तंभाचं काय? सगळा ख्रिस्ती विश्वास बलिदानावरच तर उभा आहे. आहेच. म्हणून तर हा शब्द कोणाच्या तोंडी आहे हे पाहावं लागतं. योहानाच्या शुभवर्तमानात दोन वाक्यं आहेत. पहिलं अकराव्या अध्यायात: सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने लोकांसाठी मरावं हे आपल्या फायद्याचं आहे. दुसरं पंधराव्यात: मित्रांसाठी प्राण द्यावा ह्यापेक्षा मोठी प्रीती नाही. दोन्हींत एकजण मरतो आणि बाकीचे वाचतात. पहिलं वाक्य कयफाचं, त्या वर्षीच्या प्रमुख याजकाचं. सभेत बसून, दुसऱ्याच्या जिवाबद्दल, हिशेबाच्या भाषेत काढलेलं. दुसरं येशूचं, पकडला जाण्याच्या रात्री, स्वतःच्या जिवाबद्दल. दहाव्या अध्यायात त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. योहान पुढे असंही म्हणतो की कयफा नकळत भविष्यच बोलून गेला. देवाने त्यातून चांगलं घडवलं म्हणून कयफाचा हिशेब मात्र चांगला ठरत नाही.

आपल्या अंत्यविधींत वाचलं जातं ते दुसरं वाक्य. पण ते ज्यांच्या सोयीचं असतं त्यांच्या कानाला ते पहिल्या वाक्यासारखंच गोड लागत असावं.

जुन्या करारात दावीद राजाची एक छोटी गोष्ट आहे, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात. दावीद अदुल्लामच्या गुहेच्या आश्रयाला आहे. पलिष्ट्यांचं ठाणं नेमकं त्याच्या बेथलेहेमात. दिवस हंगामाचे. त्याला गावच्या वेशीजवळच्या विहिरीची आठवण होते आणि तो बोलून जातो, त्या विहिरीचं पाणी मला कोणी प्यायला देईल तर! हा हुकूम नव्हता, नुसता सुस्कारा होता. पण त्याचे तीन वीर उठतात, शत्रूच्या छावणीतून वाट फोडून जातात, पाणी शेंदून आणतात. आणि दावीद ते पीत नाही. परमेश्वरासमोर ओतून टाकतो. म्हणतो, जिवावर उदार होऊन गेलेल्या माणसांचं हे रक्त मी पिऊ काय?

लहानपणी मला या दावीदाचा राग यायचा. एवढ्या कष्टाने आणलेलं पाणी, आणि मातीत! त्या तिघांच्या तोंडाकडे तरी बघायचं होतं. आता वाटतं, त्या क्षणी त्याला आपल्या सुस्काऱ्याची किंमत कळली. वरच्या माणसाने काही नुसतं बोलून दाखवलं, तरी खाली त्याचा हुकूम होतो. “आज संध्याकाळपर्यंत झालं असतं तर बरं झालं असतं,” एवढंच कोणीतरी म्हणतं. वायू तपासायला लागणारी दहा मिनिटं त्या एका वाक्यात जातात. चौकशीत मग कोणी कोणाला आत उतरायला सांगितलेलंच नसतं. दावीदाने पाणी ओतलं तेव्हा तो त्या तिघांचा अपमान करत नव्हता. पुढच्या वेळी कोणी माझ्या तहानेसाठी असं जाऊ नये, हे सगळ्या छावणीला दिसेल असं त्याने केलं.

मात्र गोष्ट इथे थांबत नाही. त्याच अध्यायात पुढे दावीदाच्या वीरांची यादी आहे, सदतीस नावांची, आणि तिच्यात अगदी शेवटचं नाव आहे उरीया हित्ती. ज्याच्या बायकोला दावीदाने बोलावून घेतलं, तो उरीया. त्याला लढाईच्या तोंडाशी उभा करा आणि मागे सरका, असं पत्र दावीदाने सेनापती यवाबाला लिहिलं, आणि ते उरीयाच्याच हाती पाठवलं. उरीया मेला. तो एकटाच नव्हे, त्याच्याबरोबर आणखी काहीजण मेले, ज्यांची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत. बातमी आल्यावर दावीदाने यवाबाला उलट निरोप धाडला: वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार कधी ह्याला खाते, कधी त्याला.

हा निरोप वाचला की मला गार वाटतं, कारण तो फार ओळखीचा आहे. ‘धंद्यात असं व्हायचंच.’ ‘ज्याची वेळ आली तो गेला.’ ‘देवाची इच्छा.’ पाणी ओतणारा हात आणि हा निरोप लिहिणारा हात एकाच माणसाचे. मधल्या काळात राजवाडा आला, गच्ची आली, आणि लढाईला आपण स्वतः न जाता दुसऱ्यांना पाठवायची सवय आली. शमुवेलाचा लेखक ही सवय उरीयाच्या गोष्टीच्या, अकराव्या अध्यायाच्या, पहिल्याच ओळीत नोंदवतो: राजे लोक लढाईवर जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच राहिला.

नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात म्हटलं आहे: सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे. हे वचन आपण तरुण मुलांसाठी राखून ठेवलं आहे. तरुण संघाच्या शिबिरात ते हमखास येतं, आणि विषय मैत्री, मोबाइल आणि ‘वाईट संगत’ यांच्यापलीकडे जात नाही. पन्नाशीतल्या ठेकेदाराला, कारखान्याच्या व्यवस्थापकाला, मंडळीच्या पंचाला कोणी हे वचन सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. वास्तविक हिब्रू भाषेत अंतःकरण म्हणजे भावनांचं घर तेवढं नव्हे. माणूस विचार करतो, ठरवतो, हो किंवा नाही म्हणतो ती जागा. आणि सूत्रकार तिथे थांबतच नाही. पुढच्या ओळींत तो तोंडाकडे येतो, मग डोळ्यांकडे आणि शेवटी पावलांकडे: आपल्या पायांची वाट सपाट कर. अंतःकरणाच्या पहाऱ्याची गोष्ट जमिनीवर पाय कुठे पडतो इथपर्यंत येते.

टाक्यांमध्ये, गटारांमध्ये सापडणारा एक वायू आहे, हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास. थोडा असेल तर नाकाला लगेच कळतो. प्रमाण वाढलं की मात्र तो नाकच बधिर करून टाकतो. आतल्या माणसाला वाटतं, वास गेला म्हणजे वायू गेला. खरा धोका तिथून पुढे असतो. म्हणून जाणता माणूस अशा ठिकाणी नाकावर भरवसा ठेवत नाही. वायू मोजायचं यंत्र आधी आत सोडतो. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या जोखमीवर ज्याचं बरं चाललेलं असतं, त्याच्या अंतःकरणाचं असंच होतं. सुरुवातीला झोप लागत नाही, मग लागते. मला काही वाटत नाही, म्हणजे काही चुकत नसेल, असं तो प्रामाणिकपणे म्हणतो. अंत्यविधीला रडणाऱ्या त्या मालकांचं रडणं खरं होतं, असं मी वर म्हटलं ते म्हणूनच. डोळ्यांत पाणी येतं याचा अर्थ आतला पहारा जागा आहे असा होत नाही. मोशेच्या नियमशास्त्राला हे माहीत असावं. तिथे घर बांधणाऱ्याला ‘शेजाऱ्याची काळजी वाटू दे’ असं सांगितलेलं नाही. नवीन घर बांधशील तर धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल, असं ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात चोख लिहिलं आहे.

विश्वासाच्या बाजूने यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. सगळं मोजून-मापून, पट्टे लावून करायचं तर श्रद्धेला जागा कुठे उरली? ज्यांनी जिवाची पर्वा केली नाही अशाच माणसांनी मंडळी उभी केली ना?

फादर डेमियन यांचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं, आणि द्यायलाच हवं. हवाई बेटांत कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका कोपऱ्यात नेऊन सोडत. डेमियन १८७३ साली आपण होऊन तिथे गेले, सोळा वर्षं राहिले, त्यांना तोच रोग जडला आणि १८८९ मध्ये ते वारले. तेव्हा त्यांचं वय होतं ४९. त्यांनी घरं बांधली, शवपेट्या बनवल्या, लाकूड-औषधांसाठी अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवला. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांच्या शेवटच्या काही महिन्यांत तिथे आणखी एक बाई आली होती, मदर मेरिअन कोप. १८८८ मध्ये आली, तीस वर्षं राहिली, त्याच रोग्यांच्या जखमा धुतल्या. आपल्याबरोबरच्या धर्मभगिनींच्या बाबतीत स्वच्छतेचे, हात धुण्याचे नियम तिने कडक पाळायला लावले. त्यांच्यातल्या एकीलाही कुष्ठरोग झाला नाही. मेरिअन १९१८ मध्ये, ऐंशीच्या घरात, म्हातारपणाने गेली. संतपद तिलाही मिळालं, २०१२ मध्ये. उपदेशांत मी डेमियनचं नाव किती वेळा ऐकलं ते मोजता येणार नाही. मेरिअनचं एकदाही ऐकलं नाही. हात धुणाऱ्या संताची गोष्ट रंगत नाही, एवढंच याचं कारण असेल, तर आपल्याला सेवेपेक्षा मरणाची गोडी अधिक लागली आहे की काय, हे तपासायला हवं.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरपुढे हा प्रश्न अगदी व्यवहारात आला होता. १५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग शिरला. विद्यापीठ येना गावी हलवलं गेलं. ल्यूथर हलला नाही; बायको गरोदर होती, तरी घरात आजारी माणसं ठेवून घेतली. आणि त्याच सुमारास, मरीपासून पळावं का, असं विचारणाऱ्यांना त्याने पत्राने उत्तर दिलं. त्यातला सूर ऐकण्यासारखा आहे. मी औषध घेईन, घरात धुरी देईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्या हलगर्जीपणाने दुसऱ्याला लागण व्हायची नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज पडली तर मागेपुढे पाहणार नाही. औषध नाकारून छाती पुढे काढणाऱ्यांना तो विश्वासू म्हणत नाही, देवाची परीक्षा पाहणारे म्हणतो. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं येशूला सांगणारा सैतान होता आणि त्याने त्या वेळी चक्क स्तोत्रातलं वचन काढून दाखवलं होतं, हे आठवलं म्हणजे ल्यूथरचं म्हणणं पटतं.

आतापर्यंत मी कामावर पाठवणाऱ्यांच्या अंतःकरणाबद्दल बोललो. जो उतरतो त्याच्याबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हा लेख सोयीचा होईल. धोक्याचं काम माणसाला मोठं करतं, तसं बिघडवतंही. पट्टा लावणाऱ्याला ‘बायल्या’ म्हणणारे बहुतेक वेळा त्याचेच सोबती असतात. चौथ्या-पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या मंडळीत ‘पॅराबोलानी’ नावाचे लोक होते. आजाऱ्यांची, साथीच्या रोग्यांचीही सेवा करणारे. नावाचा अर्थच जीव पणाला लावणारे. फिलिप्पैकरांच्या पत्रात आपल्या सोबत्याने, एपफ्रदीताने, जीव धोक्यात घातला असं पौल सांगतो, तिथला ग्रीक शब्द याच कुळातला. या लोकांना मान होता, अंगात धाडस होतं, मरणाची भीती गेलेली होती. काही पिढ्यांत ते बिशपांचे दंडेली करणारे हस्तक होऊन बसले. इतके, की ४१६ मध्ये सम्राटाला कायदा करून त्यांची संख्या ५०० वर बांधावी लागली, त्यांना सार्वजनिक सभांत आणि न्यायसभेत यायची बंदी करावी लागली. दोन वर्षांनी संख्या ६०० करून दिली, ती गोष्ट वेगळी. मरणाला न भिणाऱ्यावर जग खूश असतं. पण भीती जाताना ती एकटी जात नाही, कधीकधी दयेलाही बरोबर घेऊन जाते. मी शरीर जाळण्यास दिलं पण माझ्या ठायी प्रीती नसली तर काही लाभ नाही, असं पौल करिंथकरांना का लिहितो हे इथे कळतं. आणि हाच पौल एपफ्रदीत मरता मरता वाचल्यावर त्याला ‘आणखी थोडा त्याग कर’ म्हणत नाही. बरं झालं, देवाने मला दुःखावर दुःख दिलं नाही, असं म्हणून त्याला त्याच्या माणसांत परत पाठवतो.

आणखी एका गोष्टीकडे आपलं लक्षच जात नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या अंदाजानुसार कामामुळे दरवर्षी सुमारे २९ लाख माणसं मरतात. त्यांतले सुमारे २६ लाख आजाराने: धूळ, रसायनं, जादा तास. टाकीत कोसळलेल्याला निदान वचन तरी मिळतं. वीस वर्षं दगडाची धूळ गिळून खोकत खोकत गेलेल्याला कोणी हुतात्मा म्हणत नाही. मग बलिदानाची आपली व्याख्या नाट्यावर चालते, प्रेमावर नव्हे, असं कोणी म्हटलं तर माझ्यापाशी उत्तर नाही.

तर पाळकाने करायचं काय? इंग्लंडच्या ईशान्येला फेलिंग नावाची कोळशाची खाण होती. २५ मे १८१२ रोजी तिथे वायूचा स्फोट होऊन ९२ माणसं आणि पोरं मेली. तिथले धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी अंत्यविधी केला, उपदेश केला. मग तो उपदेश छापला आणि त्याला खाणीची आतली सगळी रचना, स्फोटाची हकिगत आणि मेलेल्यांची नावं जोडली. अशा बातम्या बाहेर जाऊ नयेत, असंच खाणमालकांना वाटत असे. त्या छापलेल्या कागदांतून चर्चा उठली, १८१३ मध्ये खाणीतले अपघात टाळण्यासाठी संडरलंडला एक मंडळ निघालं, त्यातल्याच एका धर्मगुरूने हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाला गळ घातली, आणि १८१५ संपायच्या आत जाळीचा सुरक्षित दिवा तयार झाला. डेव्हीने त्याचं पेटंट घेतलं नाही. पुढची हकिगत कडू आहे: दिव्याच्या भरवशावर मालकांनी पूर्वी सोडून दिलेले, वायू साचलेले कोळशाचे थर उकरायला घेतले, आणि मृत्यू हवे तसे घटले नाहीत. बधिर नाकापुढे चांगलं यंत्रही कमी पडतं. तरी हॉजसन यांनी केलं ते मला पाळकाचं काम वाटतं. अंत्यविधीच्या उपदेशाला खाणीचा नकाशा जोडलेला असावा, ही कल्पना मला सोडवत नाही.

यिर्मयाच्या अडतिसाव्या अध्यायात राजाचे सरदार यिर्मया संदेष्ट्याला एका हौदात सोडतात. पाणी नाही, नुसता गाळ. यिर्मया गाळात रुतत जातो. राजवाड्यातला एक परका चाकर, एबद-मलेख नावाचा कूशी, राजा वेशीत बसला होता तिथे जातो आणि सर्वांसमक्ष सांगतो की ह्या लोकांनी वाईट केलं आहे. परवानगी मिळवतो. तीस माणसं घेतो. मग भांडाराखालच्या खोलीत जाऊन जुनेरं आणि फाटक्या चिंध्या गोळा करतो, त्या दोराने हौदात सोडतो आणि वरून सांगतो: ह्या बगलेत घाल, मग दोर लाव. दोर काचू नये म्हणून. तो स्वतः हौदात उतरला नाही. शास्त्राने त्याबद्दल त्याला उणं लेखलं नाही. उलट त्या चिंध्यांसाठी जागा काढली. पुढच्या अध्यायात यरुशलेम पडतं, आणि तिथेच सांगितलं आहे की परमेश्वराने यिर्मयाकरवी त्याला आधीच निरोप दिला होता: तू वाचशील.

फाटकाशी भेटलेल्या त्या माणसाला मी ही गोष्ट नंतर सांगितली. तो ऐकत राहिला. मग त्याने एवढंच विचारलं, त्या भांडाराखालच्या खोलीला कुलूप नव्हतं का?